आईला आत येऊ द्या

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी आबिड्सला, आमच्या ऑफिसच्या खालच्या इराणी हॉटेलात चहा पीत उभा होतो. फोन अक्काच्याच नंबरवरून होता, म्हणून उचलल्या उचलल्या म्हणालो, "हां अक्का, बोल." पलीकडे दवाखान्यातल्या ट्रॉलीची चाकं वाजत होती. मग तिच्या आईचा, आवडामावशीचा आवाज आला. "दिनू, अक्का बोलत नाही रे आता..." एवढंच. मावशीला फोन बंद करता येत नाही. त्यामुळे पुढे कितीतरी वेळ तो चालूच राहिला, आणि मी हातात कप धरून त्या दवाखान्याचे आवाज ऐकत राहिलो. हॉटेलवाल्यानं विचारलं, "क्या हुआ भाई?" कोण गेली म्हणून सांगणार? बहीण म्हणावं तर रक्ताची नव्हती. मास्तरीण म्हणावं तर ते फार थोडं झालं असतं.

कागदोपत्री ती डॉक्टर सुमन, इथल्या, चारमिनारच्या शहरातल्या एका सरकारी विद्यापीठात इतिहासाची प्राध्यापक. आमच्या गल्लीत नुसती अक्का. मलकपेठेत धान्याचा, मिरचीचा मोठा बाजार आहे, त्याला गंज म्हणतात. त्या गंजाच्या मागच्या गल्लीत नांदेड-देगलूरकडून आलेली आमची काही घरं होती. बापे हमाली करायचे आणि बाया फाटकी पोती शिवायच्या. माझी आई आणि आवडामावशी समोरासमोर बसून, दाभणात सुतळी ओवून दिवसभर पोती शिवत. मिरचीची पोती असली की दोघी शिंकत-शिंकत एकमेकींना शिव्या द्यायच्या. अक्काचे वडील ती शाळेत असतानाच गेले. माझे होते, पण ते घरी आले की भिंतीला टेकून झोपायचे. दोन्ही घरांत देव्हारा नव्हता. भिंतीवर कोट घातलेल्या माणसाचा एक फोटो होता आणि त्याच्याखाली बसून अभ्यास करायचा, असा दोन्ही आयांचा दंडक होता. अक्का माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी. तिनं मला शिकवलं. शिकवायची म्हणजे काय, टोचायची. मी पुस्तकावर पेंगलो की म्हणायची, "दिन्या, पान उघडं ठेवून डोळे मिटले की अक्षरं चालत येत्यात व्हय रे तुझ्याकडं?" मी आमच्या घरातला पहिला बी.ए. हे मी आजही कुणी विचारो न विचारो, सांगतो. लाजायचं काय त्यात? पण त्या बी.ए.मधली निम्मी मेहनत तिची आहे, हेही त्याच दमात सांगतो.

अक्काच्या स्वतःच्या पदवीदान समारंभाची गोष्ट मी दोघी मायलेकींकडून इतक्या वेळा ऐकली आहे, की मी तिथं हजर होतो असंच वाटतं. ती एम.ए.ला पहिली आली होती. आवडामावशीनं नवं लुगडं नेसलं, धपाटे आणि शेंगांची चटणी बांधून घेतली आणि दोघी बस बदलत-बदलत विद्यापीठाच्या फाटकाशी पोचल्या. तिथं शिपायानं विचारलं, पास कुठंय? पास फक्त अक्काच्या नावाचा होता. आईसाठी वेगळा पास मागावा लागतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं आणि घरात सांगणारं होतं तरी कोण? मावशी म्हणाली, "तू जा, मी बसते." आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीजवळ, शहाबादी फरशीवर, डबा मांडीवर घेऊन बसली. आत टाळ्या वाजल्या की इकडं ऐकू यायच्या. आपल्या लेकीच्या कोणत्या आणि दुसऱ्यांच्या कोणत्या, ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून प्रत्येक वेळी तिनं टाळी वाजवली म्हणे. समारंभ संपल्यावर अक्का तो काळा झगा, तो गाऊन अंगात असतानाच पळत फाटकाबाहेर आली आणि रस्त्यावरच तिनं तो काढून आईच्या खांद्यावर घातला. मावशीनं आधी पदराला हात पुसले आणि मगच त्या कापडाला हात लावला. आई रडली, असं अक्का सांगायची. मावशी म्हणायची, "रडले कशाची, ऊन लागत होतं डोळ्याला." यावर दोघींचं कधीच एकमत झालं नाही. मात्र त्या दिवशी मावशीनं एक गोष्ट सांगून टाकली, की ह्या फाटकात कधी पाय ठेवायची नाही. पुढं लेक त्याच विद्यापीठात शिकवायला लागली, प्रोफेसर झाली, विभागप्रमुख झाली, तरी मावशी गेली नाही. अक्का दरवर्षी बोलवायची. मावशी दरवर्षी म्हणायची, "मला काय करायचंय तिथं? मला बोलवून तुला कोण मेडल देणारंय?"

माझ्या पदवीच्या वेळी अक्का तिथं नुकतीच शिकवायला लागली होती. तिनं माझ्या आईसाठी पास मिळवला आणि वर स्वतः फाटकाशी येऊन उभी राहिली. कार्यक्रम संपला, आम्ही सभागृहाच्या पायऱ्यांवर आलो आणि मी गाऊन काढायला लागलो, तर अक्का म्हणाली, "थांब. तुझा तू काढायचा नाही. काकू, तुम्ही काढा त्याचा. आणि घाला." माझी आई घाबरली. "ओरडतील गं कुणीतरी." "ओरडू द्या. मी आहे ना." आईनं गाऊन घातला. तो तिला पायाखाली येत होता, म्हणून मी मागून त्याचं टोक उचलून धरलं आणि ती पुढं, मी मागं, असे आम्ही त्या रुंद पायऱ्या उतरलो. माझी आई त्या दिवशी अशी उतरली, की पदवी तिनंच घेतली असावी. घेतलीच होती तिनं. बाजूला तेलुगू पोरं होती, ती बघत राहिली. एकानं जाऊन आपल्या आईला ओढत आणलं. पुढच्या वर्षी आणखी काही जण. मग त्याला नावच पडलं, 'अम्मा गाऊन'. कुणी आई आणायचं, कुणी आजोबा, एक मुलगी तर आपल्या थोरल्या भावाला घेऊन आली होती, तो रिक्षा चालवून तिला शिकवत होता. नियम एकच, गाऊन घालणारा पुढं आणि पदवीवाला मागं, टोक धरून. कोणत्याही कागदावर हे लिहिलेलं नव्हतं. एकदा चारमिनारकडचे एक म्हातारे गृहस्थ शेरवानी घालून आले होते. नात गाऊन घेऊन मागं लागली, तर म्हणाले, "मेरे अंग पे अच्छी-भली शेरवानी है, उस पे ये काला बोरा कायको डालूं मैं?" गाऊनला पोतं म्हटलेलं शेजारीच उभ्या अक्कानं ऐकलं. ती म्हणाली, "चचा, बोरे में बहुत दम है. हमारी माँ बोरे सी-सी के हमकू पढ़ाई." म्हाताऱ्यांनी मुकाट हात वर केले आणि नातीला म्हणाले, "डाल." ही गोष्ट सांगताना अक्काला इतकं हसू यायचं, की शेवट कधी धड ऐकायलाच मिळायचा नाही.

मग काळ बदलला. विद्यापीठं बदलतातच, त्याबद्दल तक्रार नाही. नवे नियम आले, सत्रं आली, फाटकावर कॅमेरे आणि लोखंडी दांडा आला, ओळखपत्र गळ्यात अडकवल्याशिवाय आत सोडीनात. वसतिगृहात पाहुणे बंद झाले. गावाकडून भेटायला आलेले आईबाप फाटकाबाहेर स्कूटरवर टेकून लेकरांशी बोलताना दिसायला लागले. आणि दोन-एक वर्षांपूर्वी बातमी आली, की पदवीदानाची पद्धत बदलायची आहे. काळा गाऊन ही गुलामीची खूण, ती काढून टाकायची. पांढरा पोशाख आणि खांद्यावर हातमागाचं उपरणं. शिवाय सभागृहात गर्दी फार होते, तेव्हा पायऱ्यांवरचा तो सगळा गोंधळही बंद. यासाठी समिती नेमली आणि अक्काला त्यात घेतलं. तेव्हा तिच्या दोन्ही किडन्या बिघडलेल्या होत्या. सकाळी डायलिसिस आणि दुपारी मीटिंग, असं तिचं चाललेलं. मावशी ओरडायची, "त्या समितीला तुझं रक्त धुवून दे म्हणावं." अक्का म्हणायची, "तेच तर चाललंय, आई."

त्या समितीनं एक खुली सभा घेतली आणि माजी विद्यार्थ्यांनाही बोलावलं. मी रजा टाकून गेलो. आपल्याला भाषण येत नाही, पण त्या दिवशी मी बोललो. म्हटलं, तुम्ही ज्याला गुलामीची खूण म्हणता ती आमच्या घरात काच लावून टांगलेली आहे. माझी आई गेली तेव्हा तिचा दुसरा चांगला फोटोच नव्हता. गाऊनमधला तोच मोठा करून घेतला. टाळ्या पडल्या. मग एक गृहस्थ उठले आणि आपल्या प्राचीन परंपरेबद्दल, पागोट्याबद्दल, राजदरबाराबद्दल बरंच बोलले. अक्का खुर्चीतूनच म्हणाली, "सर, गाऊन इंग्रजाचा, पागोटं राजाचं. आमच्या आजोबाच्या अंगावर ह्यातलं काय होतं तेवढं सांगा, तो वारसा आम्ही घालतो." सभागृह हसलं. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात मागून एक मुलगी उठली, श्रावणी, अक्काच्याच विभागातली एम.ए.ची विद्यार्थिनी, पोचमपल्लीकडच्या विणकरांच्या घरातली. अर्धं तेलुगूत, अर्धं हिंदीत बोलली, पण एकेक शब्द समजला. "मॅडम, माझा तातय्या, माझा आजोबा, अजून मागावर बसतो. हे गाऊन भाड्यानं येतात, पॉलिस्टरचे. माझ्या आजोबाच्या हातचं कापड माझ्या खांद्यावर आलं, तर ते राजाचं म्हणायचं की आमचं?" अक्कानं चष्मा काढून तो साडीला पुसला, परत घातला आणि म्हणाली, "तुझं बरोबर आहे."

मला ते अजिबात आवडलं नाही. सभेनंतर कॅन्टीनच्या बाहेर, दगडाच्या कट्ट्यावर आमचं भांडण झालं.

"अक्का, तू गाऊन सोडलास?"

"सोडला."

"तूच सुरू केलेलं ना सगळं?"

"मी गाऊन कुठं सुरू केला रे? तो आधीच होता तिथं. मी फक्त बाया आत आणल्या."

"माझ्या आईचा फोटो..."

"तुझ्या आईचा फोटो कोण काढून नेतंय? दिनू, नीट ऐक. ही लोकं दोन गोष्टी काढायला निघालीत. एक कापड आणि एक माणूस. कापडावर आपण भांडत बसलो ना, तर माणूस कधी बाहेर काढलं ते कळायचंसुद्धा नाही आपल्याला. श्रावणीचा आजोबा त्याचं उपरणं घेऊन येऊ दे की. पण आला पाहिजे. आई आत आली पाहिजे. बाकी काय अंगावर घालायचंय ते घाला."

"तुला सोपं आहे बोलायला."

"मला?" असं म्हणून ती हसली. तिच्या हातावर डायलिसिसच्या सुयांची काळी-निळी नक्षी होती. पदर ओढून ती तिनं झाकली. मी तसाच निघून आलो आणि काही आठवडे तिच्याशी बोललो नाही. मी आजही म्हणतो, गाऊन जायला नको होता. माणूस गेलं म्हणून त्याचं सगळं पटलंच पाहिजे असं नाही आणि हे वाचून तिलाही राग आला नसता. उलट म्हणाली असती, "लिही, लिही, तेवढंच खरं वाटेल."

त्या काही आठवड्यांत तिनं काय केलं, ते मला नंतर कळलं. समितीतले अधिकारी एकच पालुपद लावून बसले होते, सभागृहात जागा नाही. अक्का त्यांच्याशी वाद घालत बसली नाही. डायलिसिसहून परस्पर सभागृहात जायची, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत बसून बघायची, कुठून मंच दिसतो आणि कुठून नाही. म्हाताऱ्या माणसाला कुठल्या दारानं आणायचं, पायऱ्या कुठं चढायला लागणार नाहीत, संडास किती लांब, सगळं तिनं श्रावणीला बरोबर घेऊन पाहिलं. आणि सकाळ-दुपार असा दोनदा समारंभ घेतला, तर प्रत्येकाबरोबर घरातलं एक वडीलधारं माणूस सहज मावतं, हे तिनं समितीला त्या सभागृहातच उभं करून दाखवलं. विद्यार्थ्यांना एक सोडून एक खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "ह्या मोकळ्या खुर्च्या बघा. तुम्ही म्हणता ती गर्दी म्हणजे ह्या एवढ्याच." अधिकारी म्हणाले, ठीक आहे मॅडम, करू. तिनं विचारलं, लेखी कधी? येईल परिपत्रकात. तिनं गाऊन देऊन टाकला होता आणि त्याच्या बदल्यात दार उघडून घेतलं होतं.

त्याच संध्याकाळी तिचा मला फोन आला. "राग गिळलास, का अजून चावतोयस?" मी म्हणालो, चावतोय. "मग घरी येऊन चाव. आईनं भरली वांगी केलीत." मी गेलो. अक्का पलंगावर उशीला टेकून बसली होती, चेहरा सुजलेला, पण इतकी खूश मी तिला फार दिवसांनी पाहिली. मावशी ताटं करत होती. अक्का तिला म्हणाली, "आई, ह्या वर्षी ये. आता पास लागत नाही, कुणाला विचारायला लागत नाही. मी दारात उभी राहते. कुणी अडवणार नाही तुला." मावशी दरवर्षी जे म्हणायची, ते म्हणेल म्हणून मी हसायच्या तयारीतच होतो. पण तिनं भाकरी मोडली, लेकीच्या ताटात ठेवली आणि म्हणाली, "बघू." अक्कानं माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत असं काही होतं, की मी मान खाली घालून जेवायला लागलो. आवडामावशीच्या तोंडून 'बघू' म्हणजे काय, हे आम्हा दोघांशिवाय कुणाला कळलं असतं?

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. डायलिसिस सोसेना, ताप यायला लागला, दवाखान्यात ठेवावं लागलं. मी ऑफिस सुटलं की जायचो. शेवटच्या भेटीत ती डोळे मिटून पडली होती. मी निघालो तर म्हणाली, "आलं का रे परिपत्रक?" मी म्हणालो, येईल, इतक्यात येईल. "श्रावणीला विचार. तिला लवकर कळतं..." मग थोडं थांबून, "आईला पांढरं नको नेसू म्हणावं समारंभाच्या दिवशी. ते हिरव्या काठाचं नेसू दे." मावशी शेजारीच बसली होती, पण अक्का ते माझ्यामार्फत सांगत होती. त्या दोघींचं असंच होतं. मनातलं सगळं तिसऱ्याला सांगायचं, समोरचीनं ऐकावं म्हणून.

परिपत्रक आलं, ती गेल्यानंतर. श्रावणीनं मला फोनवर पाठवलं आणि खाली काहीच लिहिलं नाही. पांढरा पोशाख, हातमागाचं उपरणं, सगळं व्यवस्थित होतं. समारंभ एकदाच, सकाळी. सभागृहात फक्त पदवीधर आणि निमंत्रित. शेवटी एक ओळ होती, कुटुंबीयांसाठी बाहेरच्या मैदानावर मोठ्या पडद्याची सोय करण्यात येईल. मी ते ऑफिसात वाचलं आणि पुन्हा वाचलं. तिनं ज्याच्या बदल्यात गाऊन दिला होता, तेच त्यांनी वगळलं होतं आणि विचारायला आता समोर कुणी नव्हतं. तोंडी शब्दाचं हेच असतं. ज्याला दिला ते माणूस गेलं, की शब्दही गेला.

गेल्या आठवड्यात विभागानं तिची शोकसभा ठेवली. मावशीला आणाल का, असा मला फोन आला. मी म्हणालो, त्या येणार नाहीत, पण विचारतो. विचारायला गेलो तर ती तयार होऊन, हिरव्या काठाचं लुगडं नेसून खाटेवर बसली होती. कुणीतरी आधीच सांगितलं असावं. मी काही विचारलं नाही, ऑटो बोलावला. रस्ताभर ती बाहेर बघत होती. विद्यापीठाच्या फाटकाशी ऑटो थांबला. आता शिपाई ओळखपत्र मागणार, नाव विचारणार, आत फोन लावणार. मी उतरून शिपायाला सांगायला लागलो, की या सुमन मॅडमच्या... त्यानं ऑटोत वाकून पाहिलं. तरुण पोरगा होता. "मॅडम की अम्मा हैं? तो पूछना काय को, जाओ जी जाओ." आणि लोखंडी दांडा वर केला. ऑटो आत शिरला. मावशी मागं वळून त्या वर झालेल्या दांड्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "एवढंच व्हय?"

सभेत भाषणं झाली. चांगली झाली. एक मोठे अधिकारी आले होते, त्यांनी सांगितलं, की मॅडमनी या विद्यापीठाला माणुसकीची परंपरा दिली, ती आपण पुढं नेऊ. बोलणं संपवून ते बसणार तोच श्रावणी उठली. "सर, मॅडमनी घरच्या माणसाला आत आणायचं कबूल करून घेतलं होतं. त्याचं काय?" कुणीतरी तिला हातानं बस म्हणून खुणावलं. ती बसली नाही. "माझा तातय्या माझं उपरणं स्वतः विणतोय, सर. त्यानं ते पडद्यावर बघायचं का?" अधिकारी म्हणाले, "आजचा प्रसंग वेगळा आहे बाळा. पण विषय विचाराधीन आहे." श्रावणी म्हणाली, "होय सर," आणि बसली. तिच्या त्या 'होय सर'मध्ये मला अक्काचा आवाज ऐकू आला असं लिहायला छान वाटेल, पण तसं काही नव्हतं. ती एक एकटी पडलेली पोरगी होती आणि रडू आवरत होती. मावशीला मराठीशिवाय फारसं कळत नाही, पण तिनं मला विचारलं, "ते पोरगं आयाबापाचं विचारतंय का?" मी हो म्हणालो. "काय म्हणाले?" "बघू म्हणाले." मावशीनं मान हलवली. तिचं 'बघू' आणि त्यांचं 'बघू' यात केवढा फरक आहे, ते तिच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?

सभा संपल्यावर ती म्हणाली, "तिची खोली दाखव." विभागाचा शिपाई यादगिरी किल्ली घेऊन पुढं झाला. खोली आता दुसऱ्या कुणाला द्यायची आहे, सामान हलवायचं आहे, असं तो ओशाळून सांगत होता. खोली छोटी, कपाटं पुस्तकांनी गच्च, टेबल, त्याच्यामागं तिची खुर्ची आणि टेबलाच्या अलीकडं दोन साध्या लाकडी खुर्च्या. मावशीनं चपला दाराबाहेर काढल्या. मी म्हणालो, इथं चालतं मावशी. तिनं ऐकलं नाही. यादगिरी त्या दोन खुर्च्यांकडं बोट दाखवून म्हणाला, "ये घरवालों के वास्ते. मॅडम का क़ायदा था, बच्चे के साथ जो आया वो पहले बैठेगा, पानी पीयेगा. बच्चा खड़ा रहेगा." मी ते मावशीला मराठीत सांगितलं. मला वाटलं, ती लेकीच्या खुर्चीवर जाऊन बसेल. पण ती अलीकडच्या खुर्चीवर बसली, टेबलाच्या या बाजूला, जिथं इतकी वर्षं गावोगावचे आईबाप येऊन बसले होते.

खुर्ची एका पायात डुगडुगत होती. मावशीनं खाली वाकून पाहिलं. पायाखाली सारलेली कागदाची घडी निसटली होती. तिनं ती हातानं परत आत सारली, ताठ बसली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून, घरी बोलायची त्याच वरच्या पट्टीत म्हणाली, "काय गं, अशा हलत्या खुर्चीवर बसवायचीस होय लोकांच्या आयाबापाला?"

अक्का गेल्याच्या त्या फोनपासून मावशी अक्काशी बोललेली मी ऐकली नव्हती, रडतानाही नाही. बोलून झाल्यावर तिनं पदर सारखा केला, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि उत्तराची वाट बघावी तशी थांबली. मी यादगिरीकडं पाहिलं. त्यानं हातातली किल्ली खिशात टाकली, कोपऱ्यातल्या माठातून पेलाभर पाणी काढलं आणि तिच्यासमोर आणून ठेवलं.